लाल शाई नसलेली वही

"तू तिथूनच वाच," मास्तर म्हणाले.

सगळ्या मुलींच्या वह्या त्यांच्या टेबलावर. माझी माझ्या मांडीवर, उंबऱ्याबाहेर, वऱ्हांड्यात. मी वाचायची, ते खुर्चीतून चुका सांगायचे, मी पेन्सिलीने दुरुस्त करायची. इतरांना लाल शाईत सही. मला नुसतं "ठीक". वर्षभर हेच.

साठ साल उजाडायचं होतं. मास्तर घरीच इंग्रजीची शिकवणी घ्यायचे. बसवनगुडीतलं ते घर पिढ्यान्‌पिढ्या बंगळुरात राहिलेल्या मराठी माणसांचं. माझे बाबा निपाणीकडून आलेले, कातडी कमावायच्या कारखान्यात कामाला. आपल्या भाषेची माणसं आहेत, पोरीला नीट शिकवतील, असं त्यांना वाटलं. त्यांची चूक एवढीच.

एका कचेरीत टायपिस्ट हवी होती. इंग्रजीच्या शिक्षकाने तपासून सही केलेली वही शनिवारपर्यंत दाखवायची होती. तो गुरुवार होता.

मास्तरांनी फळ्यावर लिहिलं, 'पुट अप विथ'. अर्थ सांगितला: त्रास होतो, पण तक्रार न करता चालवून घेणं. कशाचा त्रास, ते शेवटी जोडायचं. मग माझ्याकडे बोट करून उदाहरण दिलं, "शी पुट्स अप विथ द सन." दुपारचं ऊन थेट माझ्या अंगावर होतं. मुली हसल्या.

"गुणी पोर," मास्तर म्हणाले. "कुरकुर नाही."

प्रत्येकीने पाच वाक्यं करायची होती. मी भराभर लिहिली. शेवटी काय काय जोडलं? ऊन. उंबरा. वरून ओंजळीत ओतलेलं पाणी. सहीशिवायची वही. चार वाचली. मास्तर डोळे मिटून ऐकत होते.

"सरी, ठीक. वाक्यं बरोबर आहेत. पाचवं?"

मी उठले. उंबरा ओलांडला. वही ढिगावर ठेवली.

"पाचवं तुम्ही वाचा, मास्तर. आणि सही करा."

त्यांनी हात मांडीवर ओढून घेतले. "अगं, वर्षभर चाललं की. आताच काय झालं?"

"चाललं नाही. मी चालवून घेतलं."

लाल शाईची दौत उघडीच होती. सही झाली नाही. कचेरीतली जागा गेली.

पाचव्या वाक्यात मास्तरांचं नाव होतं. वही हातात धरली असती तर दिसलं असतं.

त्याच संध्याकाळी त्याच वहीच्या मागच्या पानावर यादी केली. मला जिथं जिथं बाहेर बसवतात ती ठिकाणं. अकरा निघाली. मास्तरांचं घर खोडलं. पुढची एकेक खोडली ती आत जाऊन, बसून, मगच.

आज पन्नाशी जवळ आली. दोन उरलीत. दोन्ही पत्ते मला पाठ आहेत.