रॉकेटला खळ

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला पहिला माणूस मी. हे सांगताना मी आवाज खाली आणत नाही. तेव्हाही आणत नव्हतो. त्यामुळंच बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी प्रदर्शनाचा विषय निघाला तेव्हा भर वर्गात बोलून गेलो, "सर, मी रॉकेट करतो. नुसतं बघायचं नाही, उडणारं."

पेपरातल्या फोटोवरून मापं काढली आणि खऱ्याच्या विसाव्या हिश्श्याएवढं मॉडेल केलं. अंग पुठ्ठ्याचं, टोकाला गिरणीतला सूत गुंडाळायचा कागदी कोन. तो आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी आणला. ते सायझिंग खात्यात, सुताला खळ लावायच्या कामावर होते. दारूची नळी जत्रेत शोभेची दारू उडवणाऱ्या एका कारागिरानं भरून दिली. म्हणाला, "पाव किलो उचलंल. वर एक सुपारीबी ठिवू नका."

वाण्याच्या तराजूवर रॉकेट पाव किलोला थोडं कमीच भरलं. आता रंगाचा एक पातळ हात दिला की झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी उड्डाण. आबांनी आयुष्यात पहिल्यांदा कॉलेज बघायला म्हणून रजा टाकली होती.

मी रंग आणायला गेलो आणि वाटेत भेटेल त्याला आमंत्रण देत बसलो. परत येतो तर रॉकेट अंगणात दोरीला टांगलेलं, तुळतुळीत.

"तीन हात दिले खळीचे," आबा म्हणाले. "चिंचोक्याची हाय. लई घट्ट बसती."

"आबा, कशाला?"

"कशाला म्हंजे? बिनखळीचं सूत मागावर चढवत न्हाईत, आन तू हे आबाळात चढवतोस व्हय?"

तराजूवर ठेवलं. साडेतीनशे ग्रॅम. खरवडायला गेलो तर खळीबरोबर पुठ्ठ्याचे पापुद्रे निघायला लागले. उद्या अख्ख्या वर्गासमोर माझी शोभा होणार, आणि तीही आबांच्या देखत!

"आरं, घाटात मालगाडीला मागनं दुसरं इंजिन लावतेत की," आबा म्हणाले. "लाव आनकी एक नळी."

दोन्ही नळ्या एकाच क्षणी पेटल्या तरच हे जमेल, एवढं मला कळत होतं. पण दुसरं सुचत नव्हतं. धावत जाऊन आणखी एक नळी भरून आणली.

सकाळी मैदानावर सर, सगळा वर्ग, आणि सगळ्यांच्या पुढं धुतलेली टोपी घालून आबा. वाती पेटवल्या. एक नळी पेटली. दुसरी विचार करत राहिली. रॉकेट पुरुषभर वर गेलं, तिथं वाकलं आणि सायकल स्टँडच्या पत्र्यावर धाडकन आदळलं. मग दुसरीला जाग आली आणि ते पत्र्यावरच गरागरा फिरलं.

पोरं पोट धरून हसत होती. सर हसले नाहीत. म्हणाले, "वजनाचं गणित कुणी केलं होतं?"

खळीची सगळी हकीकत माझ्या जिभेवर होती. तेवढ्यात आबा छाती काढून पुढं झाले.

"ह्यानंच की, सर! आमच्या घरात गणित दुसऱ्या कुणाला येतंय?"

सरांनी माझ्याकडं बघितलं. मी आबांकडं बघितलं.

"हो सर," मी म्हणालो. "सगळं मीच केलं."

आबा एवढे खूश झाले, की त्यांनी तिथल्या तिथं सरांचा हात धरला. "रविवारी जेवायला या, सर. ज्वारीची भाकर चालती न्हवं?"