एका सेकंदापेक्षा कमी

निवृत्तीला अडीच वर्षं उरली असताना माझी शेवटची पोस्टिंग घरी, म्हणजे नागपुरात आली. सैन्याच्या सिग्नल्समध्ये सव्वीस वर्षं काढल्यावर सक्करदऱ्यातून स्कूटरने ड्यूटीवर जायचं सुख मिळालं. मी तेव्हा नायब सुभेदार होतो. कंट्रोल रूममध्ये सहा रिसीव्हर होते, सगळे कॉम्प्युटरवरून चालणारे. ऐकणारा माणूस मात्र एका वेळी एकच, आणि त्याचे कान दोन.

म्हणून लॉगिंगचं सॉफ्टवेअर हवं होतं. कोणत्या चॅनलवर किती वाजता कोणी बोललं आणि किती वेळ, याची नोंद कॉम्प्युटरने आपोआप ठेवायची. ऑपरेटरने गडबडीच्या चॅनलला हेडफोन लावायचा आणि बाकीच्या पाचांकडे स्क्रीनवर लक्ष ठेवायचं. मेजर साहेबांनी दोन सॉफ्टवेअर माझ्या हवाली केली आणि म्हणाले, "साब, आठ दिन चलाके देखो. एक पन्ने की रिपोर्ट चाहिए. एक पन्ना, दो नहीं."

दोन कॉम्प्युटरवर दोन्ही शेजारी शेजारी चालवली. दुसऱ्या सॉफ्टवेअरने मला वैताग आणला. ते काहीही नोंदवायचं. बाजूच्या इमारतीची लिफ्ट हलली की नोंद, रस्त्यावर वेल्डिंग सुरू झालं की नोंद. संध्याकाळपर्यंत पानंच्या पानं कचरा. पहिलं शहाणं होतं. एका सेकंदापेक्षा छोटी हालचाल ते खरखर समजून टाकून द्यायचं. त्याचा लॉग स्वच्छ, एका पानात मावणारा.

माझा स्वभाव नीटनेटका. बायको म्हणते, यांच्या कपाटात बनियनसुद्धा रांगेत फॉल-इन असतात. मी पहिलं निवडलं. रिपोर्ट अर्ध्या पानात संपवला, साहेब खूश झाले. दुसऱ्या कॉम्प्युटरवरचं सॉफ्टवेअर काढून टाकायचं तेवढं राहून गेलं. कोपऱ्यात ते आपलं चालू होतं.

यानंतर पंधरा दिवसांच्या आत पूर आला. जिल्ह्यात दोन दिवस पाऊस थांबला नव्हता, धरणाचे दरवाजे उघडले होते. सकाळी सहाला आमच्या तुकड्या बोटी घेऊन निघाल्या. प्रत्येक बोटीला एक वायरलेस सेट आणि एक चॅनल. चौथ्या बोटीवर सिग्नलमन म्हणून लान्स नायक नितीन पराते होता.

नितीन उमरेडचा. आजोबांपर्यंत घरात हातमाग होता, वडील एका कारखान्यात चौकीदार. मीच त्याला सेट चालवायला शिकवला होता, म्हणून तो मला उस्ताद म्हणायचा. आमच्या सेक्शनमध्ये एक पद्धत होती. सेट भिजला की बऱ्याचदा माइक आधी मरतो, पण बोलताना दाबायचं बटण चालतं. आवाज जात नसला तर बटण तीनदा टकटक दाबायचं. तीन म्हणजे संकट. हे पुस्तकात कुठे नाही. मला माझ्या उस्तादांनी शिकवलं, मी पुढे शिकवलं.

दर तासाला सगळ्या बोटींची हजेरी घेत होतो. 1400 वाजता चौथ्या बोटीचा आवाज स्वच्छ आला. "कंट्रोल, चार. पाच गाववाले बोटीत. परत निघालो. ऑल ओके. ओव्हर."

त्यानंतर दुसऱ्या बोटीला एक गर्भवती बाई सापडली. रस्ता कुठून, ॲम्ब्युलन्स कुठे, सगळं माझ्यामार्फत. हेडफोन चॅनल दोनवर. मधून मधून मी स्क्रीन बघत होतो. चॅनल चारसमोर 1400 नंतर एकही नोंद नव्हती. चार शांत आहे म्हणजे चार ठीक आहे, असं मी धरलं.

1441 वाजता प्रिंटरची वायर काढायला कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरकडे गेलो. सवयीने स्क्रीनकडे पाहिलं. नेहमीचा कचरा होता. आणि त्यात चॅनल चारच्या तीन ओळी, 1413 च्या. प्रत्येक अर्ध्या सेकंदाहून छोटी. मग 1420, तीन ओळी. 1428, तीन ओळी. 1436, तीन ओळी.

लिफ्ट तीन-तीनदा मोजून हलत नाही.

हेडफोन चॅनल चारवर आणला. "चार, कंट्रोल. बोलता येत नसेल तर एकदा दाबा."

कानात टक् झालं. कोपऱ्यातल्या स्क्रीनवर ओळ उमटली. माझ्या निवडलेल्या, स्वच्छ स्क्रीनवर काहीच नाही.

"इंजिन बंद? हो असेल तर दोनदा."

टक् टक्.

मी मेजर साहेबांना हाक मारली. जागेचा अंदाज 1400 च्या निरोपावरून बांधला. सगळ्यात जवळची बोट तिसरी. तिला 1445 ला वळवलं, पोचायला पंचवीस मिनिटं. नितीनशी वायरलेसवर मी कधी घरची बोली बोललो नव्हतो. त्या दिवशी बोललो.

"नितीन, मी बोलून राहिलो गा. बोट निघाली तुह्याकडे. हिंमत सोडू नको. आयकू येते का?"

टक्.

दर दोन मिनिटांनी विचारत होतो. दर वेळी एक टक् यायचं. 1458 ला आलं. 1500 ला आलं नाही. 1502 ला आलं नाही. मी विचारत राहिलो. साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, तरी विचारत राहिलो.

1511 ला तिसरी बोट पोचली. दोन जवान आणि पाचही गावकरी बाभळीच्या फांद्यांत जिवंत होते. नितीनने बोटीची दोरी झाडाला धरून एकेकाला वर चढवलं होतं. स्वतःची पाळी यायच्या आत बोट उलटली. तो दुसऱ्या दिवशी सकाळी सापडला.

कोर्ट ऑफ इन्क्वायरीने कोणालाही दोषी धरलं नाही. मी जबाबात लिहून दिलं की सॉफ्टवेअर माझ्या शिफारशीने लागलं होतं. तीनदा दाबायला मी शिकवलं, आणि तीनदा दाबलेलं टाकून देणारी वस्तू मीच निवडली. ती पद्धत या सॉफ्टवेअरवर तपासून बघायचं आठ दिवसांत माझ्या डोक्यात आलं नाही. दुसरं सॉफ्टवेअर त्याच आठवड्यात लागलं. कचऱ्यासकट.

मी निवृत्त झाल्यावर एका रविवारी दुपारी नितीनचे वडील घरी आले. पाणी प्यायले, चहा नको म्हणाले.

"साहेब, मले येकच सांगा. पोरानं हाक मारली होती का?"

"मारली, काका. दोन वाजून तेरा मिनिटांनी."

"अन् तुमाले कवा समजली?"

"दोन एकेचाळीसले." मग मी त्यांना सगळं सांगितलं, निवडीसकट. काहीही गाळलं नाही.

त्यांनी पाण्याचा रिकामा पेला बाजूला सरकवला. मला वाटलं आता उठतील आणि पुन्हा येणार नाहीत. तसं झालं असतं तर मी काही म्हटलं नसतं.

"घडी घडी दाबून राहिला होता," ते म्हणाले. "म्हणजे कोणीतरी आयकून राहिलं, असा भरोसा होता त्याले."

"होता, काका," मी म्हणालो. "माझ्यावर होता."