पिठापुढं तोंड बांधायचं नसतं

अंबरपेठेतल्या आमच्या गिरणीत यंत्रं दोन. पिठाची चक्की माझी, मिरचीचं कांडप सुनेचं. मिरची कुटताना तोंडाला ओलं फडकं बांधायचं, पीठ दळताना नाही, ही आमची रीत. पीठ म्हणजे अन्न. अन्नापुढं तोंड कोण बांधतं? माझ्या बापानं बांधलं नाही, मी पण नाही.

मग मला दम लागायला लागला. छातीत शिट्टी वाजायची. गिऱ्हाइकं हसायची, "चच्चा, चक्की बंद करे तो भी आवाज आरा!"

मी म्हणालो, ही मिरचीच. दुसरं काय असणार? सुनेला सांगितलं, "तुझं यंत्र उचल."

"मामा, गिऱ्हाइकं मी जोडलीत."

"मग त्यांना पण घेऊन जा."

पोरगा पाना घेऊन यंत्राचे नट सोडवायला बसला. बापापुढं बोलायची सवय मी त्याला लावलीच नाही. यंत्र शहराच्या दुसऱ्या टोकाला, कुकटपल्लीला तिच्या भावाच्या शेडात गेलं. ती बस बदलत रोज तिकडं जायची, संध्याकाळी डोळे लाल करून यायची. मिरचीनं की कशानं, मी विचारलं नाही.

मिरची गेली आणि दम वाढला. एके सकाळी गहू दळता दळता मी पोत्यावरच आडवा झालो. दवाखान्यात सुनेनंच नेलं. डॉक्टरनं हातावर कसले कसले थेंब टाकून सुईनं टोचलं. मिरचीच्या थेंबाखाली कातडी होती तशीच. गव्हाच्या थेंबाखाली गांधीलमाशी चावल्यासारखी फुगली.

"मिर्ची का कसूर नै, चच्चा. आटा है. उस की धूल फेफड़ों में जारी."

"गहू जन्मभर खातोय मी!"

"खाने को चलता. सूँघने को नै."

सून हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं. रिक्षात म्हणाली, "मामा, ज्यानं दम लागतो ते यंत्र उचलायचं, हा तुमचाच कायदा ना?"

"गिरणी माझी आहे."

"दम पण तुमचाच आहे."

घरी आल्यावर तिनं पोराच्या देखत माझ्यापुढं मास्क ठेवला. डॉक्टरनंच दिला होता. "एवढा बांधा. चक्की राहू द्या."

"पिठापुढं तोंड बांधणार नाही."

"मग विषय संपला," पोरगा म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा बोलला, तेही हे.

चक्कीचे दगड माझ्यासमोर लोटत बाहेर नेले. चक्कीच्या जागी कांडप परत आलं. मी शेजारी खुर्चीवर असतो. शिट्टी थांबली. गिऱ्हाइकं म्हणतात, "चच्चा, चेहरा खिल गया!" एकेकाचं थोबाड फोडावं वाटतं.

सून मिरची ओतायला लागली की मी मुद्दाम खोकतो, गल्लीला ऐकू जाईल असा. ती मान वळवत नाही. ओलं फडकं माझ्या मांडीवर टाकते आणि यंत्र चालू करते.

मी बांधतो. मिरचीला बांधायची रीतच आहे.