पितळी कुंडी आणि आईचा हात

आम्ही तेव्हा मुकुंदवाडीला, स्टेशनच्या मागच्या गल्लीत, भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचो. वडिलांना आम्ही भावंडं दादा म्हणायचो. ते सरकारी कचेरीत कारकून होते, सोयगावची शेती भावांवर सोपवून शहरात आलेले. गरजेबाहेरची वस्तू त्यांनी कधी घरात आणल्याचं मला आठवत नाही. म्हणूनच एका रविवारी ते शहागंजच्या बाजारातून रिक्षानं, मांडीवर एक काळंकुट्ट जड भांडं धरून आले, तेव्हा आई दारातच उभी राहिली.

"अहो, हे काय उचलून आणलं?"

"कुंडी हाय. झाड लावायची. लई जुनी हाय म्हणला दुकानदार."

"झाडाला असली कुंडी लागती व्हय? आपल्याकडं झाडं जमिनीत येतात. त्यापेक्षा आंघोळीला घंघाळ तरी आणायचं!"

दादा कुंडी ओट्यावर ठेवून हात धुवायला गेले. ती का आणली, हे त्यांनाही सांगता आलं नसतं असं मला वाटतं.

बरेच दिवस ती तशीच पडून होती. मग एकदा नळाला भरपूर पाणी आलं. भांडी घासून झाल्यावर आईनं उरलेला चिंचेचा कोळ तिच्यावर चोळून पाहिला. मी शाळेतून आले तर आई पदर खोचून मोरीत बसलेली आणि तिच्यासमोर पिवळंधमक पितळ. काठाखालून फिरत गेलेली वेल, वेलीवर मोर, दोन्ही बाजूंना तोंडात कड्या धरलेले सिंह आणि खाली पंजाचे पाय.

"बघ गं, मोराच्या डोळ्यातसुद्धा काम केलंय," ती म्हणाली. तिला असं हरखलेलं मी फार कमी वेळा पाहिलं होतं.

त्या दिवसापासून कुंडी आईची झाली. पितळ खराब होईल म्हणून तिनं त्यात थेट माती घातली नाही. आत मातीची साधी कुंडी बसवून मोगरा लावला. पाण्याची कायम मारामार, त्यामुळे मोगऱ्याला तांदूळ धुतलेलं पाणी मिळायचं. उन्हाळ्यात संध्याकाळी ती कळ्या ओवत बसायची आणि दादा खुर्ची बाहेर टाकून पेपर वाचायचे. मधेच पेपर खाली करून तिच्याकडे बघायचे. कुंडी घासायला मात्र ती कुणालाच हात लावू द्यायची नाही.

पुढे सिडकोत आमचं स्वतःचं घर झालं. कुंडी गॅलरीत आली. माझं लग्न झालं, तेही त्याच शहरात. आणि एका सकाळी आईची उजवी बाजू गेली. वाचाही गेली.

दवाखान्यातून घरी आल्यावर ती गॅलरीतल्या खुर्चीत बसून राहायची. हाताचे व्यायाम करवून घ्यायला गेलं की तोंड फिरवायची. आम्ही सगळे औषधांच्या वेळा सांभाळण्यात बुडालेलो. कुंडी पुन्हा काळी पडली, ते माझ्या लक्षातही आलं नाही.

दादांच्या आलं. एका दुपारी मी गेले तर ते आईसमोर फरशीवर बसून कुंडी घासत होते. आयुष्यात कधी चहाचा कप न विसळलेला माणूस, भांड्यांची तार घेऊन जोर लावत होता. आईच्या तोंडून कसलातरी घोगरा आवाज निघत होता. ते आपल्याच नादात.

"ना... नाय," आई म्हणाली. "तार... नाय."

दादांचा हात थांबला. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. तिच्या कपाळावर रागाच्या आठ्या होत्या. कित्येक दिवसांनी तिच्या चेहऱ्यावर काहीतरी दिसत होतं.

"मग कशानं?" दादांनी अगदी हळू विचारलं.

"चिंच."

मी स्वयंपाकघरात चिंच भिजत घातली आणि ओट्याला टेकून रडले. परत आले तर दादांनी कुंडी ओढून तिच्या गुडघ्याशी घेतली होती. त्यांनी तिचा निर्जीव हात उचलला, पंजात चिंचेचा गोळा दिला, वरून स्वतःचा हात ठेवला आणि तिला विचारत विचारत घासू लागले. "इथं? का तिथं?" ती डोळ्यांनी दाखवत होती.

मग ते रोजचंच झालं. डॉक्टरांचा व्यायाम तिनं कधी मनावर घेतला नाही, हा घेतला. बोटं हळूहळू हलू लागली. कप धरता येऊ लागला. बोलणं शेवटपर्यंत अडखळतच राहिलं, पण ती पुन्हा दादांवर रागावू लागली आणि घराला घरपण आलं. एका श्रावणात ती काठी टेकत वेरूळच्या देवळातही जाऊन आली.

आई जाऊन आता बरीच वर्षं झाली. दादा माझ्याकडे राहतात. येताना कपड्यांच्या पिशवीबरोबर त्यांनी कुंडी आणली. एवढ्या घासण्यानं मोर पुसट झालेत, बोट फिरवलं तरच कळतात. दुपारी दादा तिच्याजवळ खुर्ची टाकून बसतात. कधीकधी त्यांचा डोळा लागलेला असतो आणि हात कुंडीच्या काठावर असतो. मी चहा आणते, पण लगेच हाक मारत नाही.