भावजींची खुर्ची आणि कप्तानाचा जावई

माझे धाकटे दीर बावीस वर्षं एका हॉटेलच्या वाद्यवृंदात गिटार वाजवत होते. लहानपणी दारात चेमटून त्यांची डावी करंगळी कायमची ताठ झालेली. त्यामुळे कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे सूर, धरताना ते एक तार सोडून देत. तरी वाद्यवृंदाचा प्रमुख, ज्याला सगळे कप्तान म्हणत, तो चारचौघांत सांगायचा, "डिमिनिश्ड कॉर्ड वाजवावा तर यानेच."

बारा मार्चला कप्तानाने आपल्या जावयाला आमच्याकडे पाठवलं. "हौस आहे त्याला. जरा शिकव." भावजी हरखले. दर मंगळवारी चार ते सहा बाहेरच्या खोलीत शिकवणी चाले; मी आत बसून ऐके.

"हा डिमिनिश्ड. एका सुरापासून गिटारच्या गळ्यावरच्या तीन पट्ट्या मोज, तिथे पुढचा सूर. असे चार झाले की पुन्हा पहिला. म्हणून बोटं तशीच ठेवून तीन पट्ट्या सरकलास, तरी सूर तेच."

"मग याचं घर कुठलं, काका?"

"याला घरच नाही. हा सदा दारात उभा. ऐकणाऱ्याला वाटतं, आता निघेल, मग निघेल."

"आमच्या सासऱ्यांसारखा!" दोघंही खो-खो हसले.

चौदा जूनला भावजी दुपारच्या तालमीला गेले, तर त्यांच्या खुर्चीवर जावई. त्याची करंगळी धडधाकट, तरी भावजींसारखीच ताठ धरलेली, आणि तार सोडलेली तीच.

"तू आता आराम कर," कप्तान म्हणाला. "तूच तर तयार केलंस याला."

"आधी सांगायचंस तरी."

"सांगितलं असतं तर शिकवलं असतंस?"

भावजी भिंतीशी उभे राहिले. गायिकेचा घसा बसलेला, म्हणून कप्तानाने मध्येच गाण्याची पट्टी खाली उतरवायची खूण केली. नव्या पट्टीत जायचं ते डिमिनिश्ड कॉर्डमधून, आणि त्यातून चार वाटा फुटतात, प्रत्येक सुरातून एक. जावई कॉर्ड अचूक धरी, पण बाहेर पडे भलत्याच वाटेने. तीनदा गाडं अडलं. पाच वाजता कार्यक्रम होता. भावजी गप्प राहिले असते, तर कप्तानाला जावयाला उठवावंच लागलं असतं.

"मधल्या बोटाखालचा सूर एक पट्टी वर ने. तेच नवं घर, तिथेच उतर," भावजी बोलून गेले.

गाणं सुरळीत पार पडलं.

घरी येऊन ते गिटार मांडीवर घेऊन बसले.

"वहिनी, गाणं अडलं तेव्हा सगळ्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. फक्त कप्तानाने नाही. मी सांगणारच, हे तो धरूनच चालला होता."