साठ सेकंदांत तेवीस आभार

आमच्या दाजींचं गाणं इंटरनेटवर आहे, पण इंटरनेटवर ते आजवर कुणीही ऐकलेलं नाही. याचं सगळं श्रेय मला जातं.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, यजमान. हुपरीत घरीच चांदीचे पैंजण करतात. दिवसभर मान खाली घालून बारीक कड्या जोडायच्या आणि संध्याकाळी हात धुऊन पेटी पुढ्यात ओढायची, असा त्यांचा वर्षानुवर्षांचा क्रम. जयंतीला विहारापुढं ते गायला बसले की बायाबापड्या चुलीवरची भाजी विसरून यायच्या. पण नव्वदच्या दशकात ते एका कॅसेटवाल्याकडं गेले, तेव्हा त्यानं गाणं शेवटपर्यंत ऐकलं, चहा पाजला आणि म्हणाला, "आवाज झकास हाय. पण तुमाला वळखतंय कोण?" हे वाक्य दाजींच्या मनात रुतून बसलं. दहा-बारा वर्षं गेली तरी निघेना.

एकदा जेवताना ते मला म्हणाले, "पावणं, वळखीची माणसं काय, घरात चा पितात आन् झकास म्हणत्यात. मला अजिबात वळखत न्हाय असल्या एका माणसानं माझं गाणं आयकावं. एकानंच. त्यानं वंगाळ म्हटलं तरी चालंल."

आता त्या काळात राजारामपुरीत माझा कॉम्प्युटर क्लास होता. सहा कॉम्प्युटर, त्यांतले चार चालू. एवढ्या भांडवलावर आमच्या सगळ्या नात्यात मी इंटरनेटचा जाणकार ठरलो होतो, आणि हा गैरसमज दूर करण्याची मला कधी गरज वाटली नव्हती. मी घास गिळून सांगून टाकलं, "दाजी, आता कॅसेटवाला लागत नाही. आपलं गाणं आपणच जगापुढं ठेवायचं. फक्त साइट नीट निवडायला पाहिजे. ते माझ्यावर सोडा." (माझ्या आयुष्यातल्या बहुतेक भानगडी 'ते माझ्यावर सोडा' या तीन शब्दांनी सुरू झाल्या आहेत.)

गाणं दाजींनी स्वतःच रचलेलं होतं. लहानपणी आई त्यांना खांद्यावर बसवून गाणी ऐकायला न्यायची, त्याचं. सात मिनिटांचं. राजारामपुरीतच एका छोट्या स्टुडिओत ते रेकॉर्ड केलं आणि रेकॉर्डिंग करणारा माणूससुद्धा मध्येच डोळे पुसायला लागला. इथपर्यंत सगळं उत्तम होतं. मग आभार आले.

आमच्याकडं कार्यक्रमात आभार आधी मानतात, कारण शेवटी मानले तर ऐकायला माणसं उरत नाहीत, चपला शोधत असतात. त्यामुळं गाण्याच्या आधी आभार हवेत, यावर दाजी ठाम. विहाराची समिती, गाडी देणारा, स्टुडिओत डबा पाठवणारी वहिनी, तबला देणारा, असं करत तेवीस नावं झाली. ती वाचायची कुणी? घरातल्या प्रत्येक बारशाला आणि निरोप समारंभाला माईक माझ्याच हातात असायचा. मी घसा खाकरला आणि एक मिनिट चाळीस सेकंद धीरगंभीर आवाजात आभार मानले. दाजींच्या गाण्याआधी माझा आवाज जगभर जाणार, या कल्पनेनं मला रात्री झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी साइट शोधायला बसलो. वहीत रकाने आखले. एक साइट महिन्याला फी मागत होती. ती गेली. दुसरीला परदेशातलं बँक खातं हवं होतं. आमच्यातलं सगळ्यात लांबचं खातं आजऱ्याच्या पतसंस्थेत. तीही गेली. तिसरीवर पूर्ण गाणं फुकट ऐकायला मिळत होतं आणि आवडलं तर लोकांनी विकत घ्यायचं होतं. त्यावर अक्कानं विचारलं, "समदं फुकाट आयकाय मिळाल्यावर इकत कोण घेतंय?" म्हणून मी नमुना ऐकवणाऱ्या साइटी निवडल्या. म्हणजे सुरुवातीचे तीस सेकंद फुकट, पुढचं विकत. बाजारात गुळाचा खडा चाखायला देतात ना, तसं. हे मी सगळ्यांना फार सुंदर समजावलं, आणि तिथंच माझं चुकलं.

कारण आमचे थोरले मामा लगेच पुढं सरकले. तबला त्यांचा होता. त्यांनी विचारलं, "तीस सेकंदांत माझं नाव येतंय का?"

येत नव्हतं. तीस सेकंद संपेपर्यंत मी जेमतेम विहाराच्या समितीपर्यंत पोचत होतो. मामांनी नुसतं तबल्याकडं बघितलं. मी घाबरून पंचेचाळीस सेकंदांची साइट शोधली. त्यात डबा पाठवणारी वहिनी बसली, मामा नाहीत. अजून आठवडाभर शोधून साठ सेकंदांची सापडली. घरात आनंदीआनंद झाला. पण ऐकून बघितलं तर साठावा सेकंद बरोब्बर मामांच्या नावावर पडत होता. 'आमचे थोरले मामा श्री. पांडु' एवढं ऐकू यायचं आणि पुढं शांतता! मामा म्हणाले, "अर्धंच नाव घ्यायचं असंल तर घिऊच नकोसा."

एव्हाना साइटीचा हिस्सा किती, पैसे कसे मिळणार, तिथं आपल्याकडची गाणी कुणी ऐकतं का, हे माझे रकाने कोरेच होते. सात हजार मैलांवरच्या त्या कंपनीची निवड आम्ही फक्त आमच्या मामांच्या सोयीनं केली होती. मी पुन्हा स्टुडिओत गेलो आणि तेवीसच्या तेवीस नावं एका दमात, साठ सेकंदांत बसवली. या वेळी मानानं शेवटी ठेवलेले मामा सत्तावन्नाव्या सेकंदाला पूर्ण नावानिशी संपत होते, पुढं पेटीचा एक सूर लागत होता आणि नमुना बंद. इतकं चपखल बसलं होतं की मी स्वतःलाच शाबासकी दिली. नमुन्यात गाणंच नाही, हे जाणकार म्हणून माझ्या लक्षात यायला हवं होतं. पण तेवीस जणांत ते कुणाच्याच लक्षात आलं नाही, आणि मी तर स्वतःच्याच आवाजावर खूश होतो.

मग ऐकणाऱ्यांचा आकडा वाढायला लागला. दाजी रोज फोन करून विचारायचे आणि मी अभिमानानं आकडा सांगायचो. तो आकडा येत होता माझ्याच क्लासमधून! हुपरीहून एसटीनं नातेवाईक यायचे, विद्यार्थ्यांना उठवून कॉम्प्युटरपुढं बसायचे, आपलं नाव आलं की मान डोलवायचे आणि उठायचे. वहिनी तर माहेरची तीन माणसं घेऊन दोनदा येऊन गेली. गाणं कुणी विकत घेतलं नाही. त्यासाठी लागणारं कार्ड आमच्यात कुणाकडं नव्हतंच.

आणि एके दिवशी गाण्याखाली अभिप्राय उमटला. कुणा अनोळखी माणसाचा! मूळचा आजऱ्याचा, कामाला परदेशात, साइटवर कोल्हापूरचं काही मिळतं का म्हणून शोधत होता, हे नंतर कळलं. मी वाचण्याआधीच दाजींना बोलावून घेतलं. अक्का आणि दाजी हातातलं काम टाकून आले. मी सगळ्या क्लाससमोर मोठ्यानं वाचलं. पाचपैकी एक तारा, आणि खाली लिहिलं होतं, 'गायकाच्या आवाजात अजिबात गोडवा नाही. श्वास न घेता माणसांची नावं घेतो. हे गाणं आहे की मतदारयादी?'

दाजींनी हळूच विचारलं, "म्हंजे त्यानं आयकलं?"

"ऐकलं."

"आन् तो आपल्या वळखीचा न्हाय?"

"नाही, दाजी."

दाजी खुर्चीवर बसले. वंगाळ म्हटलं तरी चालंल, असं तेच म्हणाले होते, पण त्यांचा चेहरा बघवेना. कॅसेटवाल्यानंतर इतक्या वर्षांनी मिळालेला हा एकच माणूस. तेवढ्यात अक्का माझ्याकडं वळली. "बाळू, त्यो आवाज ह्यांचा कुठं हाय? त्यो तुझा हाय की रं!"

मला जमिनीनं पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं. क्लासमधल्या मुली तोंडावर ओढण्या धरून हसत होत्या. दाजींनी मात्र सुस्कारा टाकला आणि सांगितलं, "पावणं, त्यास्नी लिवा. त्यो आवाज मेव्हण्याचा हाय, माझा न्हवं. माझा आयकायचा असंल तर फोन करा म्हणावं." खाली त्यांचा नंबरही मला लिहायला लावला.

मला वाटलं होतं, कोण कशाला फोन करतंय! पण पुढच्याच रविवारी सकाळी त्याचा फोन आला. मी हुपरीतच होतो. दाजींनी हात पुसले, स्पीकर चालू करून फोन पेटीवर उभा केला आणि कुणाचेही आभार न मानता थेट गायला सुरुवात केली. त्या माणसानं सातही मिनिटं फोन धरून ठेवला. संपल्यावर म्हणाला, "दादा, माझी आईबी मला असंच खांद्यावर न्हेत हुती." दाजी नुसतेच हो, हो म्हणत राहिले. अक्का आत जाऊन चुलीपाशी रडून आली. मीही रडलो, पण माझ्याकडं बघायला त्या दिवशी कुणाला वेळ नव्हता.

नंतर मी साइटवरचे आभार कापायला निघालो, तर थोरल्या मामांनी निरोप धाडला, की एकदा घेतलेलं नाव काढायचं म्हणजे माणूस वारल्यासारखं वाटतं. दाजी म्हणाले, ऱ्हाऊ द्या, ज्यानं आयकायचं त्यानं आयकलं. त्यामुळं तेवीस नावं अजून तशीच आहेत आणि त्यांच्यामागं ते गाणं.

त्या आजऱ्याच्या माणसानं मात्र आपला अभिप्राय बदलला. आता तिथं पाच तारे आहेत आणि खाली एकच ओळ: 'गायक उत्तम. मेव्हण्याला आवरा.' दाजींनी ती छापून घेऊन पेटीच्या वर भिंतीला लावली आहे. तेव्हापासून घरात सात बारशी आणि चार निरोप समारंभ झाले. माईक वहिनीकडं असतो, आणि आभारांच्या यादीतही माझं नाव नसतं.