घरी विचारतो

"थांबा, घरी विचारतो," असं म्हणून नाना फोन उचलायचे. ऑफिसात कोणी असं म्हटलं की तुम्हाआम्हाला वाटतं, भाजीचा नाहीतर पाहुण्यांचा प्रश्न असेल. नानांचा प्रश्न एकच असायचा : लिहिलेलं वाक्य समजतं का?

जळगावात आमची छोटी कंपनी मराठी मजकूर लिहिण्याचं सॉफ्टवेअर बनवते. त्यातल्या प्रत्येक पर्यायाची माहिती सोप्या मराठीत लिहिणं नानांचं काम, ती वेळेत बाहेर पाठवणं माझं. नानांची बायको जवळच असोदा गावी घरी बसून लोकांच्या लग्नपत्रिका, अर्ज टाइप करून द्यायची, आमच्याच सॉफ्टवेअरवर. आम्ही त्यांना अक्का म्हणायचो. माहेर धुळ्याकडचं, बोलणं अहिराणी. फोन स्पीकरवर असायचा, त्यामुळे अख्खं ऑफिस ऐकायचं.

एकदा नानांनी वाचलं, "स्वयंजतन सक्रिय केल्यास दस्तऐवज ठरावीक कालांतराने जतन होतो."

"माले समजनं नही," अक्का म्हणाल्या. "कोठे शे ते बटन? भितवर?"

"सेटिंगमध्ये."

"मंग तसं लिखा ना. आन बंद ठेवं तर?"

शेवटी बाहेर गेलं ते असं : "सेटिंगमध्ये ‘आपोआप साठवा’ हा पर्याय आहे. तो चालू असला की लिखाण दर पाच मिनिटांनी साठवलं जातं. बंद असला आणि वीज गेली, तर न साठवलेलं सगळं जातं."

"नाना, अजून किती राहिलेत बघा," मी पर्यायांची यादी पुढे करायची.

"तुमच्या यादीचं काय ताई, घरून हो आलं की एक कमी."

उन्हाळ्यात अक्का गेल्या. छातीत दुखलं, दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं होतं. तेराव्यानंतर नाना कामावर आले. एक वाक्य लिहिलं, फोन उचलला, खाली ठेवला. जेवणाच्या सुट्टीपर्यंत त्याच वाक्याकडे बघत होते.

"मला वाचून दाखवा," मी म्हटलं. त्यांनी वाचलं. "समजलं की," मी म्हटलं.

"तुम्हाला समजणारच. तुम्ही रोज तेच बघता."

मग ते यायचेच थांबले. माहिती पुरी झाल्याशिवाय नवी आवृत्ती बाहेर जाणार नव्हती, म्हणून मी असोद्याला गेले. नाना अक्कांच्या खुर्चीत, त्यांच्या संगणकासमोर बसले होते. आपलंच लिखाण वाचून तसं तसं करून बघत होते.

"नवख्यासारखं मुद्दाम चुकायला बघतो," ते म्हणाले, "तरी हात बरोबर जागेवर जातो."

चहा त्यांनीच केला. साखर घालायची राहिली होती. दोघांनी तसाच प्यायला.

"तुम्ही ऑफिसातून फोन लावा," मी निघताना ते म्हणाले. "लिहिलेलं पाठवतो, तुम्ही वाचा. मी इथे बसतो."

मी यादीत लिहून घेतलं : रोज सकाळी, असोदा, फोन. मी वाचायची, नाना म्हणायचे, "समजलं. पुढचं." मी खूण करायची. त्यांनी एकही वाक्य अडवलं नाही. काम भराभर उरकत होतं.

शेवटचा पर्याय होता, एखादा शब्द सगळीकडे शोधून बदलताना लागणारा, ‘बदलण्याआधी विचारा’. मी वाचलं, "हा चालू असला की प्रत्येक शब्द बदलण्याआधी तुम्हाला विचारलं जातं. बंद असला, तर सगळे शब्द एकदम बदलतात."

पलीकडून पंख्याचा आवाज येत होता.

"नाना?"

"माले समजनं नही," नाना म्हणाले. ऑफिसात ते कधीच अहिराणी बोलले नव्हते.

मी पेन खाली ठेवलं आणि तेच पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतलं.